वार पडायची वाट पाहू नका: वासराला चीक कधी, किती आणि कसा पाजायचा

गाय व्याली की घरातल्या सगळ्यांचं लक्ष तिच्या मागच्या बाजूला लागलेलं असतं. वार, म्हणजे वासरामागून पडणारं गर्भवेष्टन, पडली का? ती पडेपर्यंत धार काढायची नाही, वासराला सडाला लावायचं नाही, ही रीत अजून गावोगाव पाळली जाते. वार सुरळीत पडायलाही आठ-दहा तास लागू शकतात. तेवढ्या वेळात चिकातली रोगाशी लढणारी प्रथिनं रक्तात घेण्याची वासराच्या आतड्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. वासरू त्या दिवशी टुणटुणीत दिसतं. पाचव्या-सातव्या दिवशी हगायला लागतं, मग 'दूध बाधलं' म्हणून दूध तोडलं जातं, आणि पंधरवड्यात वासरू हातचं जातं. खरी चूक पहिल्या रात्रीच होऊन गेलेली असते.

वारेच्या भीतीचंही उत्तर सरळ आहे. वासरू सडाला लागलं किंवा धार काढली की गायीच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं. त्यानेच पान्हा येतो आणि त्यानेच गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणजे लवकर धार काढल्याने वार अडत नाही, झाली तर तिला मदतच होते. बारा तास उलटूनही वार पडली नाही तर तो डॉक्टरांचा विषय, पण वासराचा चीक त्यासाठी खोळंबता कामा नये.

पहिल्या काही तासांचंच एवढं काय

गाई-म्हशींच्या वारेची रचना अशी आहे की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी ती प्रथिनं, पोटातल्या वासरापर्यंत पोचतच नाहीत. माणसाच्या बाळाला ती काही प्रमाणात पोटातच मिळतात, वासराला मिळत नाहीत. त्याला हे सगळं चिकातून घ्यावं लागतं. चिकातल्या प्रतिपिंडांत बहुतांश वाटा आयजीजी या प्रकाराचा असतो. हे रेणू मोठे असतात. एरवी प्रथिनं पचून, त्यांचे तुकडे होऊन मगच रक्तात जातात, पण नुकत्या जन्मलेल्या वासराचं आतडं ती अख्खीच्या अख्खी आत घेतं. ही सोय पहिल्या दोन तासांत सर्वांत चांगली चालते, सहा तासांनंतर झपाट्याने उतरते आणि चोवीस तासांच्या सुमारास बंद होते. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी त्यातलं आयजीजी रक्तात जात नाही. पोषण होतं आणि आतड्याच्या आतल्या बाजूला थोडं संरक्षण मिळतं, इतकंच.

याच वाटेने जंतूही आत शिरू शकतात. शेणाने माखलेला सड किंवा घाणेरडी बाटली आधी तोंडात गेली तर चिकाच्या आधी जंतूंचा नंबर लागतो. म्हणून वेळेइतकीच स्वच्छताही महत्त्वाची.

शिवाय चीक हे जेवण म्हणूनही भारी असतं. साध्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट घन पदार्थ, चौपटीच्या आसपास प्रथिनं, जास्त स्निग्धांश आणि भरपूर अ जीवनसत्त्व. वासराच्या अंगावर चरबी नावापुरतीच असते, त्यामुळे पौष-माघातल्या पहाटे जन्मलेल्या वासराला ऊब राखायची शक्ती चिकातूनच मिळते. तो किंचित सारकही असतो. आतड्यात साचलेला काळसर चिकट मळ त्यामुळे बाहेर पडतो.

तयारी विण्याच्या दोन महिने आधीपासून

कासेत चीक तयार व्हायला लागतो तो शेवटच्या तीन ते पाच आठवड्यांत. त्यासाठी गाय विण्याच्या साठ दिवस आधी आटवा. दुधाचा मोह सुटत नाही म्हणून अगदी शेवटापर्यंत धार काढली आणि कासेला तीन आठवड्यांचीही विश्रांती मिळाली नाही, तर चीक कमी आणि पातळ येतो. या काळात खुराक तोडू नका, आणि उन्हाळ्यात गाभण गायीला सावली, वारा व पाणी भरपूर द्या. उन्हाने गांजलेल्या गायींची वासरं वजनाने कमी भरतात आणि चीकही नीट शोषत नाहीत.

आईला ज्या रोगांची लस दिलेली असते किंवा ज्या जंतूंशी तिची गाठ पडलेली असते, त्यांचीच प्रतिपिंडं चिकात उतरतात. म्हणून लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांचं लसीकरण वेळच्या वेळी झालेलं असावं. गाभणपणी कोणती लस कधी द्यायची हे डॉक्टरांना विचारा. घोडेगाव किंवा काष्टीच्या बाजारातून अगदी विण्याला टेकलेली गाय आणली तर एक अडचण होते. तिच्या चिकात तिच्या जुन्या गोठ्यातल्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं असतात, तुमच्या गोठ्यातल्या नव्हे. घ्यायचीच असेल तर महिना-दीड महिना आधी आणा.

कास दाटली म्हणून विण्याआधी धार काढू नका. काढलात तर सर्वांत दाट चीक तेव्हाच निघून जातो. चीक आपोआप गळत असेल तर या गायीचा चीक हलका निघणार असं धरून चाला आणि दुसऱ्या चिकाची सोय बघून ठेवा.

हाताशी ठेवायच्या वस्तू: झाकणाची स्टीलची बादली, निपल लावलेल्या दोन-अडीच लिटरच्या दोन बाटल्या, गाळायला धुतलेलं सुती कापड, सात टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन, उकळलेला दोरा, नवं ब्लेड, कोरडी गोणपाटं, वजनकाटा, थर्मामीटर. जमलं तर ब्रिक्स मीटरही. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांकडे मण्यांची गोडी बघायला शून्य ते बत्तीस ब्रिक्सचा जो हातातला मीटर असतो, तोच इथे चालतो. शेजाऱ्याकडे असेल तर मागून आणा.

जन्मल्यापासून दोन तासांचा क्रम

१. नाकातोंडातला चिकट स्राव बोटाने काढा. श्वास मंद असेल तर नाकपुडीत गवताची काडी फिरवा, शिंक आली की श्वास मोकळा होतो. वासराला आडवं पडू न देता छातीवर बसतं करा.

२. गायीला चाटू द्या. ती चाटत नसेल तर गोणपाटाने खसखसून पुसा. नुसतं कोरडं करायचं नाही, चोळण्याने रक्ताभिसरण वाढतं आणि वासरू उठायची धडपड करतं.

३. नाळ लांब लोंबत असेल तर पोटापासून दोन इंच सोडून दोऱ्याने बांधा आणि गाठीच्या खाली कापा. मग तिचं टोक आयोडीनच्या छोट्या वाटीत पूर्ण बुडवा. नुसता बोळा फिरवून भागत नाही. पुढचे दोन-तीन दिवस, नाळ वाळेपर्यंत, रोज असंच करा. हळद किंवा राख लावू नका. बेंबी सुजून पुढे गुडघे धरण्याचा आजार बहुतेकदा इथूनच सुरू होतो.

४. वजन करा. वासराला उचलून साध्या काट्यावर उभं राहा, मग तुमचं एकट्याचं वजन वजा करा. संकरित होल्स्टिनचं वासरू साधारण अठ्ठावीस ते पस्तीस किलो भरतं, जर्सी संकराचं आणि खिल्लारसारख्या देशी गायीचं वीस-पंचवीसच्या घरात.

५. एवढ्यात अर्धा तास झालेला असतो. आता धार काढा. कास कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी करा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून बघा. गुठळ्या, पू किंवा पाण्यासारखा स्राव आला तर त्या सडाला दगडी (कासेची सूज) आहे, त्याचा चीक वासराला नको. किंचित गुलाबी झाक चालते, रक्ताळलेला लालभडक चालत नाही.

गाय व्याल्यानंतर चीक कासेत जितका वेळ राहील तितका तो दुधाने पातळ होत जातो. दोन तासांत काढलेल्या चिकाशी तुलना केली तर सहा तासांनी काढलेल्यात आयजीजी साधारण सहाव्या हिश्शाने कमी भरतं, चौदा तासांनी तिसऱ्या हिश्शाने. म्हणजे उशिराचा फटका दुहेरी: इकडे चीक हलका होतो, तिकडे आतडं मिटत जातं.

जास्त दुधाच्या, तीन-चार वेतांच्या गायींबाबत 'कास रिकामी केली की गाय बसते' ही भीती पूर्ण निराधार नाही. चिकातून कॅल्शियम एकदम बाहेर जातं. अशा गायीची आधी मिल्क फिव्हरची (व्याल्यावर कॅल्शियम घटून गाय बसण्याची) नोंद असेल तर वासराला लागेल तेवढा चीक काढा, बाकीचा पहिला दिवसभर कासेत थोडा राहू द्या आणि कॅल्शियमबद्दल डॉक्टरांशी बोला. पण वासराचा वाटा आधी.

चीक चांगला आहे का?

रंगावर जाऊ नका. गायीच्या चिकाचा पिवळेपणा कॅरोटिनमुळे असतो, तो हिरव्या चाऱ्यावर अवलंबून बदलतो. दाटपणाही अर्धवटच सांगतो. मीटर असेल तर असं बघा: काच साध्या पाण्याने धुऊन पुसा, डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य जुळतं का पाहा, मग थंडावलेल्या चिकाचे दोन थेंब टाकून झाकण मिटवा आणि उजेडाकडे धरा. चिकाची रेघ द्राक्षाच्या रसासारखी ठळक येत नाही, थोडी पुसट असते. निळं आणि पांढरं जिथे मिळतं त्याच्या मध्यावर आकडा वाचा.

बावीस किंवा जास्त आला तर लिटरला पन्नास ग्रॅमच्या वर आयजीजी आहे असं समजा. चीक उत्तम. अठरा ते एकवीस आला तर चालेल, पण प्रमाण वाढवा किंवा दोनऐवजी तीन वेळा पाजा. अठराच्या खाली असेल तर पहिल्या पाजणीसाठी दुसऱ्या गायीचा साठवलेला चीक वापरा आणि हा नंतरच्या दिवसांना ठेवा.

हा आकडा इतका का धरायचा, ते हिशेबातून कळतं. तीस किलोच्या वासराला पहिल्या पाजणीत निदान दीडशे ग्रॅम आयजीजी मिळायला हवं. लिटरला साठ ग्रॅमचा चीक असेल तर तीन लिटरमध्ये एकशे ऐंशी ग्रॅम जातं, काम झालं. तीस ग्रॅमचा असेल तर तेच तीन लिटर पिऊन फक्त नव्वद. वासराचं पोट दोन्ही वेळा सारखंच फुगलेलं दिसतं.

किती आणि कसा

पहिली पाजणी दोन तासांच्या आत, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी. तीस किलोला तीन लिटर, बावीस किलोला सव्वादोन. एका दमात संपलं नाही तर जबरदस्ती नको, तासाभरात उरलेला द्या. दुसरी पाजणी आठ ते दहा तासांनी, पहिलीच्या निम्मी. 'एवढा चीक पाजला तर वासरू हगेल' असं कोणीतरी सांगेलच. पिवळसर मऊ शेण होणं हे चिकाचं नेहमीचं लक्षण आहे, आजार नाही. पाण्यासारखं, दुर्गंधीचं, शेपूट चिकटवणारं झालं तर ते वेगळं.

चीक अडतीस ते चाळीस अंशांवर असावा, मनगटावर टाकला तर कोमट लागेल इतपत. वासरू उभं किंवा छातीवर बसलेलं असावं आणि बाटली अशी धरावी की डोकं त्याच्या पाठीच्या रेषेत किंवा किंचित वर राहील. मान आभाळाकडे करून ओतलेला चीक फुप्फुसात जातो. ठसका लागला, नाकातून चीक आला, तर लगेच थांबा. बांबूच्या नळकांड्याने किंवा साध्या काचेच्या बाटलीने ढोसल्यामुळे न्यूमोनिया होऊन गेलेली वासरं पुष्कळ. निपलचं भोक मोठं करायचा मोहही टाळा. हळू चोखत प्यायलं की चीक सरळ पोटाच्या चौथ्या कप्प्यात जातो.

तीन तासांनंतरही चोखत नसेल तर डॉक्टरांकडून किंवा शिकलेल्या माणसाकडून अन्ननळीत नळी घालून पाजून घ्या. हे काम चित्र बघून करायचं नाही. नळी श्वासनळीत गेली तर वासरू तिथेच जातं. अडलेल्या, ओढून काढलेल्या वासरांना याची गरज जास्त पडते, ती दमलेली असतात आणि शोषणही कमी करतात.

वासराला सडाला लावून सोडून दिलं तर? देशी गायीकडे हीच पद्धत आहे, पान्ह्यासाठी वासरू लागतंच. चूक तिथे होते जिथे कोणी लक्ष ठेवत नाही. कास खाली लोंबणारी असेल तर वासरू सड पोटापाशी शोधत राहतं. पहिलारू गाय लाथ मारते. तास-दोन तासांत त्याला धरून प्रत्येक सडाला लावा आणि कास सैल झाली का हाताने बघा. संकरित गायीकडे मोजून बाटलीनेच पाजलेलं बरं, कारण किती गेलं ते कळतं.

खरवस आणि साठवण

चिकाला मागणी मोठी. गाय व्याली की शेजारपाजारच्या वाट्या यायला लागतात. पहिल्या धारेचा खरवस सर्वांत घट्ट होतो तो त्यातल्या प्रथिनांमुळे, आणि त्यातला मोठा वाटा नेमका त्या प्रतिपिंडांचा असतो. वासराचा वाटा काढून उरलेला द्यायला हरकत नाही. वाटा आधी, वाट्या नंतर. कमी दुधाच्या देशी गायीचा पहिला चीक दीड-दोन लिटरच निघतो, तिथे शेजाऱ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलवा.

चांगल्या गायीकडे चीक उरतो. त्यातला बावीसच्या वर ब्रिक्सचा एक-दोन लिटर साठवा, शक्यतो तिसऱ्या वेतापुढच्या निरोगी गायीचा. उघड्यावर ठेवलेल्या कोमट चिकात जंतू दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होतात, म्हणून तासाभरात थंड करा. फ्रिजमध्ये एक-दोन दिवस टिकतो. डीप फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांवर सहा महिने निर्धास्त ठेवा. लिटरच्या पिशव्या आडव्या, पातळ थरात गोठवल्या की वितळायला सोप्या जातात. पिशवीवर तारीख, गायीचा बिल्ला क्रमांक आणि ब्रिक्स लिहा. वीज जाऊन एकदा वितळलेला चीक पुन्हा गोठवू नका, भारनियमनाच्या गावात हे डोक्यात ठेवा.

वितळवताना पाण्याचं तापमान पन्नास अंशांच्या वर नको. गॅसवर ठेवला किंवा उकळत्या पाण्यात बुडवला तर भांड्यात खरवस जमेल आणि प्रतिपिंडं निकामी होतील. ब्रुसेला, क्षय किंवा जोन्स रोगाचा संशय असलेल्या गायीचा चीक कधीच साठवू नका.

भांडी धुताना आधी कोमट पाण्याने विसळा, मग गरम पाणी आणि साबण. सुरुवातीलाच उकळतं पाणी ओतलं तर प्रथिनं बादलीला चिकटून बसतात आणि त्या थराखाली जंतू वाढतात.

गाय दगावली, साठवलेला चीक नाही, जवळपास ताजी व्यालेली गाय नाही, अशा वेळी दूध, पाणी, अंडं आणि थोडं एरंडेल यांचं मिश्रण देण्याचा सल्ला मिळतो. त्याने पोट भरतं, पोट साफ होतं, प्रतिपिंडं मात्र मिळत नाहीत. ते वासरू पहिले तीन आठवडे आजारी समजूनच सांभाळा: वेगळी कोरडी जागा, वेगळी बाटली, रोज दोनदा ताप बघणं. डॉक्टर शिरेतून रक्तद्रव देऊ शकतात, ती सोय आहे का हे लगेच विचारा.

म्हशीचं पारडू

म्हशीचा चीक पांढरटच असतो, कारण ती कॅरोटिनचं अ जीवनसत्त्व करून टाकते. त्यावरून चीक हलका ठरवू नका. पारडं उठायला आणि सड शोधायला जास्त वेळ घेतात, धीर धरून मदत करा. रेडा जन्मला की त्याच्या चिकाकडे दुर्लक्ष होतं, पण पारडू गेल्यावर म्हैस पान्हा चोरते आणि तोटा दुधातच होतो. पारड्यांना आईच्या दुधातून गोल जंत येतात. त्यासाठी चीक तोडायचा नाही. दहा ते सोळा दिवसांच्या दरम्यान डॉक्टरांच्या मात्रेने जंताचं औषध द्यायचं.

पुढचे दिवस आणि पडताळणी

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दूध अजून पूर्ण दूध नसतं. ते डेअरीला चालत नाही, वासराला मात्र उत्तम. चौथ्या दिवसापर्यंत तेच पाजा, दिवसाला किमान वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं, दोन-तीन वेळांत विभागून. थंडीत थोडं वाढवा.

चीक अंगी लागला का, हे दुसऱ्या ते सातव्या दिवसात रक्त तपासून कळतं. डॉक्टर रक्तातलं सीरम वेगळं करून त्यातलं एकूण प्रथिन मोजतात. डेसिलिटरला ६.२ ग्रॅम किंवा जास्त म्हणजे उत्तम, ५.१ च्या खाली म्हणजे चीक पोचलाच नाही. तेच सीरम ब्रिक्स मीटरवर ८.१ च्या खाली आलं तरी अर्थ तोच. दहा-बारा वासरांच्या गोठ्यात चार-पाच नमुने कमी आले तर दोष वासरांत शोधू नका. रात्री व्यालेल्या गायींची धार सकाळी निघते का, ते आधी बघा.

कोणतं दुखणं कधी येतं यावरूनही अंदाज येतो. पहिल्या तीन-पाच दिवसांतली पाण्यासारखी हगवण बहुधा ई-कोलायची. पाच ते पंधरा दिवसांतली रोटाव्हायरस किंवा क्रिप्टोस्पोरिडियमची. तिसऱ्या आठवड्यापुढे खोकला, धाप. हगवणीत दूध तोडू नका, दोन पाजण्यांच्या मध्ये क्षार-ग्लुकोजचं पाणी द्या. डोळे खोल गेले, कान गार पडले, चोखणं थांबलं, तर सलाइनची वेळ झाली.

चिकातून मिळालेली प्रतिपिंडं हळूहळू संपत जातात, आणि जोवर ती रक्तात असतात तोवर लसीचा गुण कमी येतो. म्हणून लाळ्या-खुरकूतची पहिली लस साधारण चौथ्या महिन्यात, आणि कालवडींना ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान एकदाच. जन्मतारीख, वजन, चीक किती वाजता व किती लिटर पाजला आणि त्याचा ब्रिक्स, हे चार रकाने जन्माच्या दिवशीच वहीत भरा, लसीच्या तारखा त्याच ओळीत पुढे येतील.